नीरेच्या खोऱ्यातली हेमंतातली रानफुलं : प्रकल्प नोंदी

२६ ऑक्टोबर, शिरगाव

आजपासून काम सुरू. पाऊस जाऊन पंधरवडा उलटला. पठारांवरचा फुलांचा हंगाम ओसरलाय. घाटाच्या कडेने सोनकी कुठे कुठे तग धरून आहे, तेरड्याची बोंडं फुटून रिकामी झाली आहेत. फुलं बघायला येणारी माणसं ऑगस्ट-सप्टेंबरात येऊन जातात. नदीच्या पात्रातली फुलं मात्र आता कुठे सुरू व्हायची आहेत आणि त्यांची नोंद फारशी कुणी ठेवत नाही. म्हणून हा प्रकल्प.

नीरा शिरगावजवळ, वरंध घाटाच्या अलीकडे उगम पावते. हिर्डोशीच्या बाजूने उतरत ती नीरा देवघर धरणाच्या जलाशयात जाते. धरणाखाली भोर, तिथे भाटघर धरणाकडून येणारी वेळवंडी तिला मिळते. पुढे सारोळा, शिरवळ, वीरचं धरण आणि शेवटी नीरा नरसिंहपूरला भीमेशी संगम. आम्ही उगमापासून शिरवळपर्यंतचाच टप्पा घेतलाय. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस, शिरवळला तोच शेकड्यांत. एवढ्याशा अंतरात वनस्पतींचं जग किती बदलतं ते बघायचं आहे.

पाच जागा ठरवल्या. दोन धरणाच्या वर, एक धरणाच्या लगेच खाली, दोन सारोळा-शिरवळच्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी एका न हलणाऱ्या खडकावर आजच्या पाण्याच्या रेषेला ऑइलपेंटने खूण केली. नोंदवहीत त्याला ‘खुणेचा खडक’ म्हणायचं ठरलं. प्रत्येक भेटीत पाणी खुणेपासून किती उतरलं ते आधी लिहायचं, मग फुलं.

नियम एकच : मुख्य यादीत फक्त स्थानिक वनस्पती. बाहेरून आलेल्यांची यादी वेगळी, पण तीही ठेवायचीच.

२९ ऑक्टोबर, जागा २

काठाचा दिवस. शेरल (पर्सिकारिया ग्लॅब्रा) भरात आहे. गुलाबी तुरे पाण्यावर झुकलेले, खोडाच्या पेरांना लालसर झाक. तुऱ्यावर फुलोरी माशा इतक्या की अंतरावरून तुरा हलल्यासारखा वाटतो. काशाचे पांढरे तुरे विस्कटायला लागले आहेत, थोड्या वाऱ्यानेही म्हातारीसारखे उडतात.

वेळ गेला तो तालिमखान्यापाशी. कोळसुंदा म्हणतात तेच झुडूप. काठच्या चिखलात गुडघ्याच्या वर उंच, ताठ, चौकोनी खोड. प्रत्येक पेरावर पानांचं आणि फुलांचं कडं आणि त्या कड्यातून बाहेर आलेले सहा पिवळे काटे. फूल जांभळं, दोन ओठांचं, खालच्या ओठाच्या मध्यावर पिवळा खरबरीत पट्टा. भुंगा आला तो थेट त्या पट्ट्यावर उतरला, डोकं आत घातलं, आणि बाहेर निघाला तेव्हा पाठीवर परागांची रेघ होती. काट्यांचा त्याला काहीच अडथळा नाही. काटे आहेत ते चरणाऱ्या जनावरासाठी. इथल्या म्हशी चिखलात बसतात, बाकी सगळं खातात आणि तालिमखान्याची झुडपं तेवढी गोल सोडून देतात. काठावर त्याची बेटं का दिसतात ते यावरून कळतं.

मागच्या वर्षीच्या वाळलेल्या बोंडातल्या बिया मिळाल्या. तळहातावर घेऊन थेंबभर पाणी टाकलं तर क्षणात त्यांच्याभोवती बुळबुळीत आवरण आलं आणि त्या बोटाला चिकटल्या. वाहत्या पाण्याच्या कडेला रुजायचं तर बी वाहून जाऊन कसं चालेल! हा चिकटपणा लक्षात ठेवायचा, पुढे लागणार आहे.

३ नोव्हेंबर, जागा १

पाणी खुणेखाली ७ सेंटिमीटर.

ज्याच्या शोधात होतो ते सापडलं. धावतं पाणी जिथे खडकावर आपटून फेसाळतं तिथे, पाण्याच्या पातळ पडद्याखाली, खडकाला हिरवट-तांबूस खपली धरल्यासारखी दिसली. पहिल्या नजरेत कुणीही शेवाळ म्हणेल. मासेमारीला आलेले एक काका थांबून बघत होते. मी विचारलं, “काका, ह्याला काय म्हणता तुम्ही?”

“नाव काय न्हाय त्याला. पन शेवाळ नव्हं ते. शेवाळ नखानं निघतं. हे बघा निघतंय का. दगडाचं कातडंच हाय ते.”

नखाने खरंच निघेना.

ही पोडोस्टेमेसी कुळातली वनस्पती आहे. शेवाळही नव्हे, दगडफूलही नव्हे, तर चक्क सपुष्प वनस्पती. फुलं येतात, बिया धरतात, आंबा-वडाच्या पंगतीतली. फक्त मूळ, खोड आणि पान हा आपल्याला शाळेत शिकवलेला हिशोब हिने मोडलाय. खडकावर पसरलेली ती चपटी खपली म्हणजे मुख्यतः मूळच आहे. ते हिरवं आहे, उन्हात अन्न तयार करतं आणि खडकाला चिकटून राहायचं कामही तेच करतं. माती नाही, जमीन नाही. खवळलेल्या पाण्यात, नागड्या कातळावर आख्खं आयुष्य. सबंध पावसाळा ती पाण्याखाली नुसती वाढते. तेव्हा फूल नाही, बी नाही. फूल येतं ते पाणी उतरून अंग उघडं पडायला लागलं की.

सह्याद्रीतल्या नद्यांमध्ये या कुळाच्या ग्रिफिथेला हुकेरियाना, झेलॅनिडियम लायकेनॉइडिस अशा जाती नोंदलेल्या आहेत. पेराडेनियाच्या वनस्पती उद्यानाचे संचालक जे. सी. विलिस यांनी १९०२ साली सिलोन आणि हिंदुस्थानातल्या पोडोस्टेमेसींवर केलेला अभ्यास आजही या विषयाचा पाया मानला जातो. आमच्या नमुन्याची जात सूक्ष्मदर्शीखाली बघूनच लिहायची, तोवर नोंदवहीत ‘कातडं’. काकांचा शब्द इतका नेमका आहे की दुसरा शोधायची गरज वाटली नाही.

८ नोव्हेंबर, जागा १

पाणी खुणेखाली १३ सेंटिमीटर.

सकाळी साडेसातपासून दुपारी दोनपर्यंत एकाच खडकापाशी. भिंगाने डोळे दुखले, पण असा दिवस रोज येत नाही.

खडक पाण्यात तिरपा उतरतो. त्यावर वरून खाली, वीतभर अंतरात चार पट्टे दिसले. सगळ्यात वर, पूर्ण कोरड्या भागात, खपली करडी पडून वाळलेली आणि तिच्यावर आगपेटीच्या काडीच्या टोकासारखी बारीक फळं, केसाएवढ्या देठांवर उभी. त्याखाली दोन बोटांचा पट्टा फुलांचा. त्याखाली, पाण्याची रेषा जिथे खालीवर होते तिथे, टपोऱ्या कळ्या. आणि त्याच्याही खाली पाण्यात अजून नुसती हिरवी खपली, कळीचा पत्ता नाही. एकाच जातीचं बालपण ते म्हातारपण एका वितीत मांडलेलं.

फूल अगदी जवळून : पाकळ्या नाहीत. कळीवर पातळ पिशवीसारखं आवरण असतं, पाण्याखाली असेपर्यंत ते कळीला पाणी लागू देत नाही. अंग उघडं पडलं की ते टोकाला फाटतं आणि देठ सरसर वाढून फूल वर येतं. भिंगातून दिसतात ते दोन पुंकेसर, खाली एकाच देठाला जोडलेले, वर इंग्रजी वाय अक्षरासारखे फाकलेले. शेजारी फुगीर बीजांडकोश आणि त्यावर दोन बारीक कुक्षी. एवढंच. आख्खं फूल तांदळाच्या दाण्याहून लहान. या कुळातल्या बऱ्याच जातींत फूल आपलेच पराग वापरतं, कारण माशीची वाट बघायला सवड नसते. उघडं पडल्यापासून वाळेपर्यंतच्या मोजक्या दिवसांत फूल, फळ, बी सगळं उरकायचं असतं.

पाणी खुणेच्या किती खाली आहे हे आधी का लिहायचं, याचं उत्तर आज त्या खडकावर दिसलं. इथे पंचांग म्हणजे उतरतं पाणी. तारखेला काही अर्थ नाही. वरच्या पट्ट्यातल्या झाडाचा कार्तिक संपला आणि खालच्याचा सुरूही झालेला नाही.

९ नोव्हेंबर

नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले. दाबयंत्रात घालून कागदावर चिकटवायच्या या वनस्पती नव्हेत, वाळल्या की चुरा होतो. एका खडकावरून अंगठ्याच्या नखाएवढाच तुकडा घ्यायचा, पातळ पात्याने, कडेकडून. याहून जास्त कुणीही घेणार नाही, मीसुद्धा.

१२ नोव्हेंबर, जागा २ च्या वरचा उतार

पात्र सोडून ओढ्याच्या कडेने वर चढलो. सावलीत दशमुळी (एरँथेमम रोझियम) फुलली आहे. इथे माझ्याकडून एक चूक झाली होती, ती दुरुस्त करून ठेवते. मागच्या भेटीत मी दोन नोंदी केल्या होत्या : ‘निळी, ओढ्याजवळ’ आणि ‘तांबूस-गुलाबी, पायवाटेजवळ’. आज एकाच कणसावर दोन्ही रंग दिसले. सकाळी उमललेलं फूल गर्द निळं असतं, जुनं होत जाईल तसं ते तांबूस होतं. पायवाटेकडच्या झाडांवर त्या दिवशी नवी फुलं नव्हती, इतकंच. दोन नोंदी खोडून एक केली. आता नियमात भर घातली : एकच भेट देऊन फुलाचा रंग लिहायचा नाही.

वाकेरी (मौलावा स्पायकाटा) ओढ्यावर झाडाझाडांवरून चढलेली आहे. काट्यांनी भरलेली महावेल, पश्चिम घाटाची खास स्वतःची. शेंदरी-केशरी फुलांची उभी कणसं झाडोऱ्यातून मशालींसारखी वर आलेली. फुलं खालून वर क्रमाने उमलतात, त्यामुळे एक कणीस बरेच दिवस पुरतं. शिंजीर पक्ष्यांची जोडी एका कणसावरून दुसऱ्यावर जात होती, आम्ही दहा पावलांवर उभे असूनही त्यांना फिकीर नव्हती.

याशिवाय : मोरवेल, पांढुरकी फुलं झुपक्यांनी, थोड्या दिवसांत त्यांच्या जागी पिसांसारख्या शेपट्यांच्या बिया येतील. बुरुंबी, उघड्या उतारावर. गोपाळी, जांभळट, तिचा वास हातावर राहतो. काळा किरायत, काटेरी कणसात लपलेलं छोटं फूल. सोनकडी, पायवाटेच्या दोन्ही कडांना पिवळी. पायथ्याला एक सातवीण, तिचा वास संध्याकाळी निघताना आला आणि मग झाड शोधलं.

१६ नोव्हेंबर, जागा १ ते ३, रस्त्याकडेने

दुसऱ्या यादीचा दिवस. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पहिल्या यादीइतकंच महत्त्वाचं आहे.

या दिवसांत रस्त्याने जाणाऱ्याला खोऱ्यात सगळ्यात जास्त फुलं कोणती दिसतात? घाणेरी, रानमोडी, रानतुळस म्हणून ओळखली जाणारी हिप्टिस, केशरी कॉसमॉस, एकदांडी, गाजरगवत. ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. रानमोडीला आता कळ्या आहेत, महिनाअखेरीस उतारच्या उतार फिक्या जांभळट-पांढऱ्या होतील. गाजरगवताकडे भारतात प्रथम लक्ष गेलं ते १९५०च्या दशकात, पुण्यातच. सत्तर वर्षांत त्याने काय केलं ते प्रत्येक पडीक तुकड्यावर दिसतं.

अडचण नावांची आहे. ‘रान’ शब्द लागला की वनस्पती इथलीच वाटते. ‘रानतुळस’ ऐकल्यावर ती परकी आहे यावर विश्वास बसत नाही. सोबतची विद्यार्थिनी म्हणाली, “ताई, आजीने दिलेलं नाव आहे, मग बाहेरची कशी?” प्रश्न योग्य आहे. आजीच्या आजीने कदाचित हे झाड पाहिलंही नसेल, पण आजीने पाहिलं, वास घेतला, तुळशीसारखा वाटला, नाव दिलं. नाव देणं हे माणसाचं ओळख करून घेणं आहे. झाड कुठून आलं ते त्यात सांगितलेलं नसतं. तालिमखाना हे नाव परभाषेतून आलेलं वाटतं आणि झाड अस्सल इथलं. म्हणून यादीत नावावरून काहीही ठरवायचं नाही.

परक्या झाडांवर राग काढून उपयोग नाही. पण शेरलाच्या जागी बेशरम आली की शेरलावरच्या माशा, चिखलात अंडी घालणारे किडे, त्या गुंत्यात लपणारी पाणकोंबडी, सगळ्यांचं घर बदलतं. काठ हिरवा दिसतो म्हणून काठ जिवंत आहे असं समजणं मला पटत नाही.

२१ नोव्हेंबर

रात्रभर पाऊस. अवकाळी. घाटात धुकं, आज जाता येणार नाही. पट्ट्यांच्या खडकाची काळजी लागून राहिली आहे.

२३ नोव्हेंबर, जागा १

पाणी खुणेखाली १५ सेंटिमीटर. म्हणजे १९ तारखेला २१ सेंटिमीटरपर्यंत उतरलेलं पाणी ६ सेंटिमीटर परत वर चढलंय.

फुलांचा पट्टा बुडाला. पाण्याखाली बोट फिरवलं तर उमललेली फुलं लिबलिबीत होऊन बोटाला आली. त्या दोन बोटांच्या पट्ट्यातलं सगळं हातचं गेलं. पण वरच्या पट्ट्यात फळं आधीच धरली होती, ती कोरडी राहिली. आणि खालच्या पट्ट्यात कळ्या पिशवीच्या आत बंद होत्या, पाणी वर आलं तरी त्यांना काही झालं नाही. सगळी एकदम फुलली असती तर परवाच्या पावसाने यंदाचं बी संपलं असतं. थोडी आधी, थोडी नंतर, अशी मांडणी असल्याने नुकसान एका पट्ट्यापुरतं राहिलं.

हा खडक उद्याही तसाच तिरपा राहील आणि पाणी पुन्हा हळूहळू उतरेल. तेव्हा कळ्यांची पाळी येईल.

२५ नोव्हेंबर, जागा ३, धरणाखाली

इथे खूण लावून महिना झाला, पण आकडे एका रेषेत बसत नाहीत. एका भेटीत पाणी खूप खाली, पुढच्या भेटीत खुणेच्या वर. कारण उघड आहे. इथलं पाणी पावसाच्या हिशोबाने उतरत नाही, सोडल्याप्रमाणे चढतं-उतरतं. रब्बीच्या आवर्तनावर खालची शेती उभी आहे, पाणी सोडलं जाणं योग्यच आहे. मला नोंदवायचं आहे ते खडकावर दिसतं तेवढंच.

खडकावर ‘कातडं’ आहे. पण वीतभर अंतरातले चार पट्टे इथे नाहीत. वरच्या भागात खपली वाळून करडी पडलेली, तिच्यावर फळाची एकही काडी नाही. पाणी एकदम खाली गेलं, खपली एका दिवसात उन्हात पडली, कळी धरायला वेळच मिळाला नाही. खालच्या भागात खपली हिरवीगार आहे, पण सतत पाण्याखाली, त्यामुळे तीही फुललेली नाही. मधल्या एका खाचेत, जिथे पाणी झिरपत हळूहळू आटलं असावं, तिथे मात्र सतरा फळं मोजली. खाच माझ्या तळहाताएवढी.

वरच्या आणि खालच्या जागेचा खडक, उतार, ऊन सारखं नाही. म्हणून पुढच्या हंगामात धरणाखाली आणखी तीन खडक घ्यायचे आणि दर तीन दिवसांनी पाणी मोजायचं. ती सतरा फळं तिथेच ठेवली, नमुना घेतला नाही.

काठावर पाषाणभेद (रोट्युला अक्वाटिका) भेटला. खडकांच्या भेगांत मुळं घट्ट, चमच्यासारखी बारीक पानं, फिकी जांभळट-गुलाबी फुलं. शेजारी शेरणी (होमोनोइया रायपेरिया), अजून फुलाविना. लांब अरुंद पानं, वेतासारख्या लवचिक फांद्या. पुराच्या दिशेला सगळी झुडपं अजून कललेली आहेत आणि त्यांच्यात अडकलेला कचरा माझ्या डोक्याच्या उंचीवर आहे. म्हणजे पाणी एवढं वर असताना ती आडवी पडून राहिली, पाणी गेल्यावर उठली. पुराच्या धारेत राहणाऱ्या अशा वनस्पतींना ‘ऱ्हीओफाइट’ म्हणतात. व्हान स्टीनिस या डच वनस्पतिशास्त्रज्ञांनी जगभरच्या अशा वनस्पती एकत्र मांडल्या. मराठीत ‘धारेतली झाडं’ म्हणायला हरकत नसावी. पोडोस्टेमेसी, पाषाणभेद, शेरणी, तिन्ही वेगळ्या कुळांतल्या, पण धारेने तिघींना एकाच शाळेत शिकवलंय.

२९ नोव्हेंबर, जागा ४ आणि ५, सारोळा-शिरवळ

हवा कोरडी, नदी रुंद, कातळ काळा. वरच्या खोऱ्याचं इथे काही दिसत नाही.

झाऊच्या जातीची टॅमरिक्स एरिकॉइडिस पात्रातल्या खडकांवर फुलली आहे. पानं खवल्यांसारखी फांदीला चिकटलेली, लांबून झुडूप करडं दिसतं. फुलं गुलाबी आणि झाऊच्या इतर जातींच्या मानाने मोठी, दाट तुऱ्यांत. दुपारच्या उन्हात काळ्या कातळावर ते गुलाबी तुरे बघताना सगळे गप्प झालो.

पाणी हटून उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर दोन सुंदर गोष्टी. एक गंगोत्रा (सायथोक्लाइन पर्प्युरिया) : वीतभर उंच, कातरलेली पानं, जांभळ्या फुलांचे मोहरीएवढे गोळे झुपक्याने. त्यात पाय पडला की हवेत उग्र-गोड वास उठतो. आत्ताशी सुरुवात आहे, ही हिवाळाभर राहील. दुसरी गोरखमुंडी : कापणी झालेल्या भातखाचरांच्या बाजूने, जमिनीलगत, खोडाला दातेरी पंख आणि टोकाला जांभळा गोल गेंद. तो गेंद म्हणजे एक फूल नव्हे. अनेक फुलं मिळून एक छोटं डोकं आणि तशी अनेक डोकी मिळून तो गोळा. एक गोळा कापून भिंगाखाली सगळ्यांना दाखवला, तेव्हा एवढ्याशा मण्यात केवढी वस्ती आहे ते बघून विद्यार्थिनी हरखल्या.

जागा ५ च्या डोहात जलपर्णी. तिच्याखाली काय आहे ते बघता आलं नाही.

३ डिसेंबर, जागा ४

जागा ४ चा काठ गेला. जेसीबी फिरवून सुमारे साठ पावलांचा पट्टा साफ केलेला. तालिमखाना, शेरल, निर्गुडी, गंगोत्र्याचा गाळ, सगळं खरवडून एका ढिगात. ढिगाऱ्यात शेरलाचे तुरे अजून गुलाबी होते. विचारल्यावर कळलं, ‘झाडी-झुडपं काढून’ इथे झाडं लावायची आहेत. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. नदीकाठ हिरवा व्हावा अशीच त्यांची इच्छा आहे. पण तो हिरवाच होता. मला फार वाईट वाटलं आणि ते इथे लिहून ठेवते, कारण पुढच्या वर्षी या जागेचे आकडे वेगळे येतील तेव्हा कारण शोधावं लागू नये.

ढिगातून तालिमखान्याची पक्व बोंडं आणि गंगोत्र्याची काही रोपं वेगळी काढली. रोपं शंभर पावलं खाली, यंत्र न पोचलेल्या गाळात लावली. चार वाजेपर्यंत तेच केलं.

६ डिसेंबर

गावातल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशी बोलणं झालं. २००२च्या जैविक विविधता कायद्याने गावोगावी अशी समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही करणं हे तिचं काम. इथल्या नोंदवहीत मोठे वृक्ष, पिकं, औषधी वनस्पती आहेत, पात्रातली आणि काठावरची रानफुलं जवळपास नाहीत. आम्ही पहिली यादी मराठी नावांसह दिली : कुठे, कोणत्या पंधरवड्यात, पाणी कितपत उतरल्यावर फुलतं. समितीतल्या एक मावशी म्हणाल्या, “ही फुलं आम्ही रोज बघतो गं, पण ह्यांचं लिवायचं असतं हे ठावं नव्हतं.” ज्या वनस्पतीचं नाव वहीत नाही, ती काठ साफ करणाऱ्याच्या नजरेला झुडूपच दिसणार. ‘कातडं’ हे नाव काकांच्या शब्दात, शास्त्रीय कुळाच्या नावासह, वहीत चढलं.

१० डिसेंबर, जागा १

पाणी खुणेखाली ३४ सेंटिमीटर. धार आता खडकांच्या मधल्या फटीतून जाते, आवाजही बारीक झालाय.

२३ तारखेला बुडालेल्या भागाखालच्या कळ्या फुलून गेल्या. त्यांच्या जागी फळांच्या काड्या आहेत, तपकिरी, खडकावर बारीक दाढी उगवल्यासारख्या. एका पूर्ण कोरड्या भागातलं एक फळ टाचणीने उकललं. आतलं बी धुळीसारखं, फुंकर मारली तर हाती काही राहणार नाही. ते सपाट दगडाच्या तुकड्यावर पसरलं आणि ड्रॉपरने एक थेंब सोडला. भिंगातून दिसलं, प्रत्येक बीभोवती काचेसारखं बुळबुळीत कडं आलं. तालिमखान्याच्या बियांसारखंच, फक्त कितीतरी लहान. तुकडा वाऱ्यात पंधरा मिनिटं वाळवला आणि मग नळाखाली धरावा तसा धारेत धरला. सगळ्या नाही, पण बऱ्याच बिया दगडाला धरून राहिल्या. तो तुकडा पुन्हा खडकाच्या खाचेत, पाण्याच्या रेषेच्या वर ठेवला. जूनमध्ये पहिलं पाणी येईल तेव्हा तो बघायचा.

परतताना ओढ्यावरच्या वाळुंजाशी (सॅलिक्स टेट्रास्पर्मा) थांबलो. कोवळ्या पानांबरोबर पिवळसर लोंबते तुरे आलेत. हे नराचं झाड आहे, वाळुंजात नर-मादी झाडं वेगळी असतात. आग्या माशांचा घोंगावता आवाज खालूनच ऐकू येतो. मादीचं झाड ओढ्याच्या वळणापलीकडे, अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. उद्या तिकडे.